मोडकी गाडी आणि उंच घाट



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा त्यांची समजूत अशी असावी की, हा कामगार चळवळीतला मनुष्य; हा बोनसवर बोलेल, महागाईभत्त्यावर बोलेल, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलेल. आम्ही विषय कळवला तो जुन्यापुराण्या मोटारींतून डोंगरघाट ओलांडण्याच्या मोहिमांचा. चिटणीसांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याचे आयुष्य कारखान्याच्या फाटकाशी सभा घेण्यात गेले, त्याला श्रीमंतांच्या खेळाशी काय कर्तव्य, असे कोणालाही वाटेल.

परंतु हा विषय आमच्याच धंद्यातला आहे. जेथे चाक फिरते तेथे ते फिरवणारा असतो, जेथे ते अडते तेथे ते ढकलणारा असतो, आणि जेथे रस्ता असतो तेथे तो फोडणारा कोणीतरी होऊन गेलेला असतो. या तिघांची ओळख आपणांस करून द्यावी, एवढाच आमचा आज हेतू आहे. आमचे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. जे झाले ते वाचनालयात, गॅरेजांत आणि रिक्षास्टँडवर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता ऐकावे, ही विनंती.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगतो. मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वाऱ्यासारख्या धावणाऱ्या गाड्या येतात. या मोहिमांत उलट आहे. येथे नियमच असा की गाडी शक्य तितकी स्वस्त, लहान आणि जुनी असावी. २००४ साली इंग्लंडातल्या काही तरुणांनी 'मंगोल रॅली' नावाची मोहीम काढली. युरोपातून निघायचे आणि सुमारे सोळा हजार किलोमीटर तोडून थेट मंगोलियाच्या बाजूला जायचे. इंजिन एक लिटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या लहान मारुती गाडीएवढे. वाटेत मदतीची गाडी नाही, ठरलेला रस्ता नाही, पहिल्या क्रमांकाचे बक्षीस नाही. मात्र प्रत्येक तुकडीने लोकांकडून किमान एक हजार पौंड गोळा करून धर्मादाय कामाला द्यायचे. यातले बरेचजण ताजिकिस्तानातल्या पामीर पठारावरून जातात. तेथे आक-बैताल नावाची खिंड ४६५५ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवावे, त्यावर आणखी बरेच काही ठेवावे, आणि मग तेथे एखादी भंगाराला निघालेली गाडी चढवावी!

आपण म्हणाल, हे विलायती वेड आपल्याला काय होय? तर हे वेड आपल्या दारात येऊन बरीच वर्षे झाली. त्याच मंडळींनी २००६ च्या अखेरीपासून भारतात 'रिक्षा रन' सुरू केली. देशोदेशींची माणसे येतात, तीन चाकांची रिक्षा घेतात, तिला चित्रविचित्र रंग फासतात, आणि कोचीन, जैसलमेर, शिलाँग अशा दूरदूरच्या टोकांमधले तीन हजार किलोमीटरांच्या वरचे अंतर सुमारे दोन आठवड्यांत तोडतात. पुढे याच रिक्षा हिमालयातल्या रस्त्यांवरही गेल्या. यांपैकी पुष्कळांनी जन्मात कधी रिक्षा हाकलेली नसते. आपल्या वसई स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला जे रोज पोटासाठी करतो, ते करायला माणसे साता समुद्रापलीकडून पैसे मोजून येतात. ही गोष्ट आम्ही स्टँडवर सांगितली, तेव्हा एक जुना चालक म्हणाला, "मग आमचे पैसे कोणाकडे मागायचे?" सभागृहात हशा पिकला, तसाच तेथेही पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

मोटारीने डोंगर ओलांडण्याच्या या हौसेचे मूळ मात्र जुने आहे. १९०७ सालच्या जानेवारीत पॅरिसच्या 'ल मातँ' या वृत्तपत्राने आव्हान दिले की, पेकिंगहून पॅरिसला मोटारीने कोणी येऊन दाखवील काय? १० जून १९०७ रोजी पाच गाड्या पेकिंगहून निघाल्या. १० ऑगस्टला इटलीचा सरदार बोर्गेझे आपली 'इटाला' गाडी घेऊन पहिला पॅरिसला पोचला. साऱ्या जगात त्याचा जयजयकार झाला. पण पेकिंगच्या उत्तरेचे डोंगर त्या गाडीने कसे ओलांडले? इंजिनाच्या बळावर नव्हे. चिनी मजुरांच्या टोळ्यांनी आणि खेचरांनी दोर बांधून ती गाडी खडकाखडकांवरून ओढून वर नेली. इतिहासात गाडीचे नाव राहिले, सरदाराचे नाव राहिले. दोर ओढणाऱ्या एकाचेही नाव कोणी मांडून ठेवले नाही.

त्या गाडीत एत्तोरे गुइत्सार्दी नावाचा मिस्त्री होता. इंजिनड्रायव्हरचा तो मुलगा. गाडीचा प्रत्येक खिळा त्याला ठाऊक होता. निदान त्याचे नाव तरी राहिले, कारण बरोबर बार्झीनी नावाचा चांगला पत्रकार होता आणि त्याने ते लिहिले. यावरून एक बोध घ्यावा की, कष्टकऱ्याच्या बाजूला एखादा लिहिणारा असणे फार गरजेचे असते.

त्याच पाच गाड्यांत एक तीन चाकांची गाडीही होती, आजच्या रिक्षाची पणजी म्हणावी अशी. ती गोबीच्या वाळवंटात अडकून पडली आणि तिच्यातल्या माणसांचे प्राण तेथल्या मंगोल लोकांमुळे वाचले. शर्यत हरली, पण माणसे माणसांना भेटली. हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. १९८० साली पहिली 'हिमालयन रॅली' निघाली ती मुंबईहून. तिचे प्रवर्तक नझीर हुसेन हे मुंबईचेच, लिबर्टी चित्रपटगृहाचे मालक. ती मोडक्या गाड्यांची मोहीम नव्हती, वेगाची शर्यत होती. पण समुद्रकाठच्या गाडीने हिमालयाचा घाट चढावा, हे स्वप्न तिने आपल्याकडच्या अनेक पोरांच्या डोक्यात घातले हे खरे.

आता थोडे यंत्राविषयी सांगतो. घाट गाडीचे नेमके काय करतो हे कळल्याशिवाय, घाटात गाडी हाकणाऱ्याची किंमत कळायची नाही.

इंजिन केवळ पेट्रोल पीत नाही, ते हवाही पिते. उंचावर हवा विरळ होते. दर हजार मीटरला साध्या इंजिनाचा सुमारे दहावा भाग जोर जातो. लडाखातल्या खारदुंग ला खिंडीत पोचेपर्यंत गाडीजवळ जेमतेम अर्धा जीव उरतो. या खिंडीची एक गंमत सांगतो. तेथे पाटीवर उंची १८,३८० फूट अशी अनेक वर्षे मिरवली गेली. नीट मोजल्यावर ती सुमारे १७,५८२ फूट निघाली. पाटी काहीही म्हणो, इंजिन मात्र खऱ्या उंचीलाच दमते! कार्बोरेटरची जुनी गाडी असेल, तर हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, म्हणून ते नीट जळत नाही. काळा धूर येतो, प्लगला काजळी धरते. जाणता मिस्त्री तेथे जेट बदलतो किंवा मिश्रण पातळ करतो. अजाणता चालक अॅक्सिलरेटर दाबीत राहतो आणि गाडी आणखी गुदमरते.

दुसरा शत्रू उष्णता. समुद्रकाठी पाणी शंभर अंशांवर उकळते. पाच हजार मीटरांवर ते त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीलाच उकळू लागते. रेडिएटरच्या झाकणाचा दाब धड नसला, की बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि आत पाण्याला उकळी, असा चमत्कार पाहायला मिळतो. तिसरी अडचण आपल्या इकडच्या उन्हाळ्यातल्या घाटांत अधिक. इंजिनाच्या तापाने नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढतो आणि गाडी मध्येच निपचित पडते. यावर आपल्या जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय जगप्रसिद्ध व्हावा असा आहे. पंपावर ओले फडके ठेवायचे आणि एक चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी शुद्धीवर येते.

आणि चौथी गोष्ट उताराची. लोकांना वाटते, चढ अवघड. जुने ड्रायव्हर सांगतात, चढाला गाडी थांबते, उताराला माणूस थांबतो, तो कायमचा. सारखा ब्रेक दाबून उतरले, की ब्रेक तापून धरेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा अलिखित कायदा आहे. संसदेने केलेल्या अनेक कायद्यांपेक्षा त्याने अधिक प्राण वाचवले असतील.

हे ज्ञान कोणत्या शाळेत शिकवतात? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट डिलाइट आणि पुढे १९७४ पासून पद्मिनी बाहेर पडली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. वृत्तपत्रांनी मोटारीवर मृत्युलेख लिहिले. ते योग्यच झाले. पण त्या गाडीबरोबर जी विद्या गेली, तिच्यावर कोणी लिहिले नाही. गळक्या टाकीला साबण फासणारा, पाझरणाऱ्या रेडिएटरात हळद सोडणारा, नुसत्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह वाजतो ते सांगणारा मिस्त्री, हा आमच्या मते एक शास्त्रज्ञच होता. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते, म्हणून आपण त्याला 'अकुशल' ठरवले.

आता या मोहिमांचा गुण कोणता, ते सांगितले पाहिजे. नुसती टीका करणे सोपे असते.

नवी कोरी गाडी माणसाला एकटे करते. काच वर, गारवा आत, जग बाहेर. मोडकी गाडी माणसाला खाली उतरवते. ती अडते, मग तुम्हाला कोणाला तरी हाक मारावी लागते. ज्याला हाक मारता त्याची भाषा तुम्हाला येत नसते, जात-धर्म ठाऊक नसतो. तरी तो येतो आणि खांदा लावतो. या मोहिमांवरून परतलेली माणसे खिंडींच्या उंचीपेक्षा, वाटेत कोणी पाणी दिले, कोणी रात्री घरात निजवले, हेच अधिक सांगतात. माणूस परावलंबी आहे, ही गोष्ट शहरात विसरते आणि घाटात आठवते. एकजूट या शब्दावर आम्ही तीस वर्षे भाषणे केली. पण बंद पडलेली गाडी तो शब्द दोन मिनिटांत शिकवते.

याचा आमचाही एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या चौघा मंडळींनी एका सभासदाच्या घरची जुनी पद्मिनी घेतली. शाळेच्या वह्या आणि चादरी भरल्या, आणि मनोर, विक्रमगड, जव्हार असा रस्ता धरून मोखाड्याकडे निघालो. दिवस एप्रिलचे होते. जव्हारचा घाट अर्धा चढून झाला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. आम्ही चाकामागे दगड लावले. बरोबरचे पाणी आधीच पिऊन संपले होते. तेवढ्यात वरच्या वळणावरून डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई येताना दिसली. आम्ही म्हटले, "ताई, जवळ पाणी कुठं मिळेल?" ती म्हणाली, "जवळ कुठलं दादा? विहीर पार खाली हाय." आणि एवढे बोलून तिने एक हंडा उतरवला आणि आमच्यापुढे ठेवला.

गाडी थंड होईपर्यंत आम्ही थांबलो. मग रेडिएटर तो हंडा घटाघट प्यायला. आमच्यातल्या एकाने खिशातून पैसे काढले. तिने ते घेतले नाहीत. म्हणाली, "पाण्याचं पैसं घेत न्हाई आमी. परत जाताना येवढा हंडा भरून आना, म्हंजे झालं." परतीच्या वाटेवर आम्ही पाण्याचे दोन कॅन भरून तिच्या पाड्यावर पोचते केले. ते उपकार नव्हते, ती परतफेड होती.

पण त्या दिवसाचा खरा धडा पुढे शाळेत मिळाला. वह्या वाटताना आम्ही एका मुलाला विचारले, बाबा काय करतात? तो म्हणाला, "वसईला भट्टीवर." म्हणजे आम्ही ज्या तालुक्यातून दानाच्या वह्या घेऊन एवढा घाट चढून आलो होतो, त्याच तालुक्यात त्याचा बाप वीटभट्टीवर राबत होता. दिवाळी उलटली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे आपल्या बाजूच्या भट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. त्यांच्या हातच्या विटांवर आपली घरे उभी आहेत. त्याच्या बापाला आपल्या गावात वेळेवर आणि पुरी मजुरी मिळाली असती, तर वह्या त्यानेच विकत घेतल्या असत्या, आणि आमच्या पद्मिनीला घाट चढण्याचे श्रम पडले नसते.

दानाला आम्ही नावे ठेवीत नाही. तहानेल्याला पाणी देताना कोणी घटनेची कलमे वाचीत बसत नाही. परंतु दान आणि हक्क यांत फरक आहे. दान देणाऱ्याच्या मनावर असते, हक्क घेणाऱ्याच्या हातात असतो. दानाचा फोटो निघतो, हक्काची पावती मिळते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर राबवली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. उपाशी माणसाला शिधा वाटण्याऐवजी, त्याला काम मागण्याचा अधिकार देणे, ही त्यामागची दृष्टी होती. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली यावर पुष्कळ बोलता येईल, पण दृष्टी थोर होती यात शंका नाही.

आता त्या स्टँडवरच्या चालकाच्या प्रश्नाकडे येऊ. हौसेने गाडी मोडणारा आणि नाइलाजाने मोडक्या गाडीत बसणारा, यांत अंतर काय? अंतर एवढेच की, पहिल्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. त्याची गाडी बंद पडली तर ती आठवण होते. आपल्या रिक्षावाल्याची बंद पडली तर त्या दिवशीची चूल बंद पडते. त्याला कर्जाचा हप्ता आहे, परवाना आहे, पासिंग आहे. एकच गोष्ट दोघांवर कशी वेगवेगळी बेतते पाहा. २०२१ साली सरकारने दोन धोरणे जाहीर केली. एक पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना वारसा म्हणून खास नोंदणी देणारे, दुसरे पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या कसोटीला लावून नापास झाल्यास भंगारात काढणारे. दोन्हींना कारणे आहेत. जुन्या गाडीचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो, हे आम्ही नाकारीत नाही. पण श्रीमंताच्या दारात जुने ते सोने आणि गरिबाच्या दारात जुने ते भंगार, हा न्याय डोळ्यांत खुपतो. जुनी गाडी जावी, पण ती हाकणारा तिच्याबरोबर भंगारात जाता कामा नये, एवढेच आमचे म्हणणे.

मोटार कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, मध्ये विश्रांती, असे त्यात लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. कायदा जुना असो वा नवा, दमलेल्या डोळ्यांना घाटातले वळण दिसत नाही, हा निसर्गाचा नियम कोणी बदलू शकत नाही. जुना कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. एकटा आपली रिक्षा हाकणारा त्याच्या कुंपणाबाहेरच राहिला. मोहिमेतला हौशी चालक दमला की तंबू ठोकतो. आमचा चालक दमला की आणखी एक फेरी मारतो.

आणि तिसरा माणूस, रस्ता फोडणारा. आपण बोरघाटाने पुण्याला जातो. १८३० साली त्या घाटातून गाडीरस्ता झाला. तेथे शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि त्याच्या मोबदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. आजही ड्रायव्हर तेथे हात जोडतात, नाणे टाकतात. त्याच घाटात १८५६ पासून रेल्वेचे काम सुरू झाले आणि १८६३ साली ते पुरे झाले. मधल्या काळात, १८५९ च्या जानेवारीत, मजुरी थकली म्हणून तेथल्या मजुरांनी मोठा दंगा केला. चौकशीत मजुरी वेळेवर न देण्याचेच कारण पुढे आले. आमच्या मुंबई इलाख्यातल्या कामगारांच्या लढ्यांच्या यादीत हे नाव फार वर घालायला हवे. कॉलरा, सुरुंग आणि दरडी यांनी त्या सात वर्षांत हजारो माणसे नेली. आपण खिडकीतून धबधबा पाहतो, तो त्यांच्या अंगणातून वाहतो आहे.

आजच्या हिमालयात पाहा. ज्या खिंडींवर मोटारसायकली आणि रिक्षा चढवून लोक छायाचित्रे काढतात, ते रस्ते १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना बांधते आणि राखते. अलीकडे लडाखात उमलिंग ला येथे तर १९,०२४ फुटांवर डांबरी रस्ता झाला. हे काम करणारे असंख्य मजूर झारखंडच्या दुमका भागातले संथाळ आदिवासी असतात. जन्म सपाटीचा, आणि पोटासाठी चढायचे आकाशाला. २०२० च्या टाळेबंदीत त्यांपैकी साठजण लडाखात अडकले होते. त्यांना २९ मे रोजी विमानाने रांचीला आणण्यात आले, तेव्हा कुठे देशाला कळले की असे लोक आहेत. त्यानंतर झारखंड सरकारने अट घातली की, मध्ये दलाल नको, नोंदणी झाली पाहिजे, मजुरी थेट खात्यात गेली पाहिजे. मग जूनमध्ये दुमक्याहून सोळाशेवर मजुरांची खास गाडी पुन्हा लडाखकडे निघाली. बंधूंनो, त्या साठजणांना कोणी चादरी वाटल्या असत्या तर त्या एका हिवाळ्यात विरल्या असत्या. नोंदणीची मागणी पुढे आली, ही खरी ऊब.

मग या मोहिमा बंद कराव्यात काय? मुळीच नाही. आम्ही तर म्हणतो, वसई-विरारच्या तरुणांनी अशी मोहीम जरूर काढावी. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने ज्या गावच्या तटावर चढाई केली, त्या गावच्या पोरांना चढ नवा नाही; आणि जो विरारच्या लोकलमध्ये रोज चढतो, त्याला खारदुंग लाचे भय ते काय! पण काढाल ती आमच्या चार अटींवर काढा.

पहिली अट, बरोबर एक मिस्त्री घ्या, त्याला मजुरी द्या, आणि परतल्यावर सत्काराच्या वेळी त्याला मागच्या रांगेत बसवू नका. दुसरी अट, आपली मोडकी गाडी दुसऱ्याच्या दारात टाकून येऊ नका. दानाच्या नावाखाली आपला कचरा गरीब गावाच्या गळ्यात बांधणे हे दान नव्हे. प्लिमथहून आफ्रिकेत गँबियाच्या बांजुल शहराकडे जाणाऱ्या एका मोहिमेत शेवटी गाड्यांचा लिलाव करून ते पैसे तेथल्याच धर्मादाय कामाला देतात, ती रीत बरी. तिसरी अट, काय द्यायचे ते आपल्या घरी बसून ठरवू नका. ज्यांना द्यायचे त्यांना आधी विचारा. वह्या नेल्या आणि त्यांना हवी होती विहीर, असे होऊ नये. आणि जमवलेल्या पैशाचा पैन् पैचा हिशेब जाहीर सभेत मांडा. चौथी अट सर्वांत महत्त्वाची. घाटात रस्त्याचे काम करणारी टोळी दिसली की गाडी थांबवा. नावे विचारा, गाव विचारा, रोज किती मिळतो आणि हातात किती पडतो ते विचारा, आणि वहीत मांडून आणा. मजुरी बुडवली जात असेल, तर ती वही कामगार अधिकाऱ्यापुढे ठेवायला आम्ही तुमच्याबरोबर येऊ. खिंडीच्या पाटीपुढचे छायाचित्र तुमच्या भिंतीवर राहील. ती वही कदाचित एखाद्याच्या घरी पुरा पगार पोचवील.

पेकिंगहून निघालेल्या गाडीचा दोर ओढणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्याला शंभरावर वर्षे झाली. आता वही-पेन आपल्या हातात आहे, एवढे ध्यानात ठेवावे.